ओदेजिमीची राखण

ओदेजिमी गेला, पण त्याची राखण दारावर टांगलेलीच राहिली.

तशी ईसेयिन गावच्या त्या पेठेत राखण कुणाच्या दारावर नव्हती? शेतावर जाताना, बाजाराला जाताना जो तो काही ना काही दाराला बांधूनच जायचा. पण ओदेजिमी शिकारी आणि औषधवाला, आणि त्याची राखण म्हणजे राखणच. दाणे खाऊन उरलेलं मक्याचं कणीस, गोगलगायीचा रिकामा शंख, चपलेचा फाटका तळ आणि हिरांच्या खराट्याचं थोटूक, सगळं एका लाल चिंधीत आवळून चौकटीच्या मधोमध. आत शिरशील तर कणसासारखा बोडका होशील, शंखासारखा पोकळ होशील, तळ झिजेपर्यंत वणवण फिरशील आणि खराटा काय करील ते त्याचं तो ठरवील, असा त्याचा अर्थ. वाचता न येणाऱ्यालाही तो वाचता यायचा.

या राखणीची कीर्ती काय सांगावी. साऱ्या ईसेयिनचे सरडे दिवसभर मान खाली-वर करून हो-हो म्हणत असतात, पण या दारावरचा सरडा मान आडवी हलवायचा. एका बोकडाने उंबऱ्यावर ओतलेलं तांबडं पामतेल चाटलं, तेव्हापासून तो दुसऱ्याच्या अंगणात शिरायच्या आधी खाकरायचा. वाळवंटाकडून येणारा कोरडा वारा घराघरांत धूळ टाकत फिरायचा, तो या उंबऱ्याशी आला की धूळ बाहेरच ठेवून पुढे जायचा. सरडा मेला, वाऱ्याला साक्षीला बोलावता येत नाही, पण बोकड पाहिलेली माणसं अजून आहेत.

आणि अयिंके, ओदेजिमीची बायको, स्वतःच्या त्या दारासमोर ओसरीवर चटई टाकून बसली होती. सगळा पावसाळा तिने तिथेच काढला होता.

झालं असं, की ती मुलीच्या पहिल्या बाळंतपणाला शाकी गावी गेली होती. मागे ओदेजिमीने दारावर राखण टांगली आणि तो शेतावरच्या खोपटात राहायला गेला. तिथे ताडावर चढला आणि वरून पडला. चार जणांनी उचलून आणला तेव्हा श्वास संपला होता. रीतीप्रमाणे त्याला त्याच्याच खोलीच्या जमिनीत पुरायचं, पण खोलीवर राखण. ज्याने टांगली त्यानेच उतरवायची, आणि उतरवणारा तर चटईत गुंडाळलेला. माणसं बराच वेळ दाराकडे बघत उभी राहिली आणि शेवटी त्याला बाहेर अंगणात, पाण्याच्या रांजणापाशी पुरलं. असा तो स्वतःच्या राखणीमुळे स्वतःच्या घराबाहेर राहिला.

अयिंके परतली तेव्हा माती अजून ओली होती.

दाराला कुलूप नव्हतं, नुसती कडी होती. कडीच्या पलीकडे कोपऱ्यात लाकडी पेटी, आणि पेटीत तिचं कापड. उभ्या मागावर तिने स्वतःच्या हाताने विणलेलं, निळीत पुन्हा पुन्हा बुडवून जवळजवळ काळं केलेलं. पट्ट्यांची रांग तिच्या आईची, आईला तिच्या आईने दिलेली. हे कापड गुंडाळूनच जायचं, म्हणजे पलीकडे गेल्यावर आई लांबूनच ओळखील, हे तिने तरुणपणीच ठरवलं होतं. दुसऱ्याचं कापड लेवून गेलेल्याला पलीकडे कोण विचारतं? आता तिचे पाय सुजले होते. खोकला आला की ती चटईवर वाकून बसायची आणि थांबला की दाराकडे बघायची. दिवस फार उरले नव्हते, आणि कापड दहा पावलांवर होतं.

"वहिनी, माझ्या खोलीत झोपा," दीर अदिगुन म्हणायचा. भाऊ गेल्यावर भाऊबंदांच्या त्या आवारात तोच वडीलधारा झाला होता. "हवी तर माझ्या बायकोची चटई घ्या. पण त्या दाराला हात लावायचा नाही."

"घर माझं आहे, अदिगुन."

"दादाचं होतं. आता राखणीचं आहे. तुम्ही हात लावाल, आणि भोगू आम्ही सगळे."

शेजारच्या खोलीतली सिफावू चवळीचे वडे तळून विकायची. ती सकाळी आंबीलीचा वाडगा घेऊन यायची आणि जवळ बसायची. अयिंकेला ती इया, म्हणजे आई, म्हणायची. "इया, तुमच्या खोकल्याने माझं वड्यांचं पीठ दचकून उठतं. जरा हळू खोका."

"मेल्यावर हळू खोकेन."

"मग माझंच जुनं कापड देईन गुंडाळायला. लाल फुलांचं. तुमची आई म्हणेल, ही कुठली नाचणारी आली."

अयिंके हसली आणि लगेच तिचं हसणं ओसरलं.

ती उठून राखण उपटून का टाकत नव्हती, हे कुणाला कळलं नसतं. तिला भीती नव्हती. त्या शंखातली गोगलगाय तिनेच मिरची घालून शिजवली होती. कणसाचे दाणे तिने खाल्ले होते. चपलेचा तळही तिचाच. राखणीत काय आहे ते जगात तिच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं, आणि नेमकं तेच तिला उठू देत नव्हतं.

कारण राखणीचं नाव झालं ते एका दुपारी, ती नवी सून होती तेव्हा.

बाजाराचा दिवस. आवार रिकामं. आवाराच्या वेशीवरचा कुत्रासुद्धा खाटकाच्या मागे गेलेला. निळीचा गोळा घरी विसरला म्हणून अयिंके अर्ध्या वाटेतून परत फिरली, आणि बघते तर दारावरची राखण जागच्या जागी आणि आत एक कोवळा पोरगा. काखेत तिच्या सुताच्या लडी, तोंडात कोनफळाचा उकडलेला तुकडा. चोरी करायला आलेला माणूस आधी जेवायला बसला होता. यावरूनच समजावं किती उपाशी असेल. दोघं एकमेकांकडे बघत राहिले. तेवढ्यात वेशीतून माणसांचा आवाज आला, बाजारातून लवकर परतलेल्यांचा.

चोराला त्या वेळी काय करायचे ते तिने लहानपणी एकदा पाहिलं होतं. पुन्हा पाहायचं नव्हतं.

दारामागचा खराटा तिने त्याच्या हातात कोंबला. "झाड."

"काय?"

"झाड म्हणते ना. डोळे वर फिरव, तोंड उघडं ठेव. झाडत राहा. कुणी मारणार नाही, मी इथे आहे."

मग बाहेर येऊन तिने बोंब ठोकली. माणसं काठ्या घेऊन धावली आणि दारातच थिजली. आत एक पोरगा एकच कोपरा झाडतोय, लाळ गळतेय, सुताच्या लडी पायात. औषधाने धरलेल्या माणसाला कोण हात लावील? लावला तर तोही झाडायला लागायचा. कुणीतरी हसलं, मग सगळी हसली. संध्याकाळपर्यंत आख्खी पेठ येऊन बघून गेली. अर्ध्या खोलीची जमीन त्याने झाडून झाडून पायरीइतकी खाली नेली, असं म्हणतात. पायरी काही आज दिसत नाही.

ओदेजिमी शेतावरून आला, गर्दी बघून क्षणभर गोंधळला. पण तो हुशार. "हं," म्हणाला, ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटला आणि पोराच्या खांद्यावर घोड्याच्या शेपटीचा चवर मारला. पोराने खराटा टाकला आणि तो रडायला लागला. त्याचं नाव सालावू.

जेवताना अयिंकेने नवऱ्याला खरं ते सांगितलं. ओदेजिमीने घास पूर्ण चावला, गिळला, आणि विचारलं, "आणि तुझ्या हातात खराटा कुणी दिला?"

"कुणी म्हणजे? दारामागे होता."

"बाजाराच्या दिवशी निळीचा गोळा विसरणारी बाई तू नव्हेस," तो म्हणाला. "औषध कुणाच्या हाताने काम करतं ते औषधाला ठरवू दे." आणि पुढचा घास घेतला.

त्यानंतर ओदेजिमीचे खराटे पेठेत दारोदार टांगले गेले. त्याच्या घरावर पत्रे चढले. लोक निवांत शेतावर जाऊ लागले, आणि खरोखरच चोऱ्या थांबल्या. हे सगळं एका खोट्यावर उभं होतं आणि ते खोटं आता पेठेत तिच्या एकटीच्या पोटात होतं. आता ती उठली, राखण उपटली आणि तिला काहीच झालं नाही, तर ओदेजिमी मातीखाली लबाड ठरणार होता, साऱ्या पेठेची दारं उघडी पडणार होती. म्हणून ती बसून राहिली. वाट बघत होती, कुणीतरी रीतीने राखण उतरवील.

शेवटी रीत अदिगुननेच शोधली. म्हाताऱ्या शिकाऱ्यांना विचारून आला आणि म्हणाला, "राखणीने ज्याला धरलं आणि सोडलं, त्याला ती ओळखते. ओळखीच्या माणसाने उतरवली तर तिची हरकत नसते. सालावूला निरोप धाडलाय."

त्या रात्री अयिंके पहिल्यांदा सलग झोपली. सालावूला सगळं ठाऊक होतं. तो येईल, दोन मंत्र पुटपुटल्यासारखं करील, चिंधी सोडील, आणि खोटं होतं तसं झाकलेलं राहून तिचं कापड तिच्या हाती येईल. याहून सोपं काय असणार?

सालावू ओगबोमोशोहून लॉरीने आला. कोवळ्या पोराचा भारदस्त म्हातारा झाला होता. भरतकामाची टोपी, घोळदार झगा, कोलाच्या बियांच्या व्यापारात जमवलेली ढेरी. आवारात पाऊल टाकताच सगळ्यांनी त्याला घेरलं. बारशाला, लग्नाला, नव्या घराच्या भरणीला लोक त्याला मुद्दाम बोलवायचे ते या एका गोष्टीसाठी, आणि ज्या दाराशी ती घडली तिथे तो ती न सांगता कसा राहील?

"मी आत पाऊल टाकलं," सालावू म्हणाला, "आणि खराटा दारामागून उठला. चालत आला. पायाने. माझ्यासमोर उभा राहून म्हणाला, सालावू, ये."

"नाव कसं ठाऊक?" कुणीतरी विचारलं.

"माझ्या आईने माझं नाव ठेवायच्या आधीपासून त्याला ठाऊक होतं. मी तो धरला. हात माझे, पण चालवणारा मी नव्हे. लोक आले, मी त्यांना ओरडून सांगतोय, अहो काही नाही, नुसती धूळ आहे, म्हणून झाडतोय. पण थांबता येतंय कुणाला? धरलेला माणूस असंच म्हणतो. धूळ आहे म्हणून झाडतोय."

लोकांनी माना डोलावल्या. ओसरीवरून अयिंके ऐकत होती. तो एक शब्दही ओरडला नव्हता. तोंड उघडं ठेव असं तिनेच बजावलं होतं. चांगली रंगवतो, तिच्या मनात आलं. रंगवू दे.

मग अदिगुनने त्याला दाराशी नेलं. गर्दी मागे सरली. सालावूने झग्याच्या बाह्या खांद्यावर टाकल्या, राखणीकडे मान वर केली, आणि तसाच राहिला. हात अर्ध्यावर उठला. मग खाली आला. तो दोन पावलं मागे आला आणि ओसरीच्या कडेला मटकन बसला.

"ओळखलं तिने मला," तो म्हणाला. "विसरलेली नाही."

"दमलाय," अयिंके म्हणाली. "लांबून आलाय. त्याला पाणी द्या आणि जरा लांब व्हा सगळे."

लोक लांब झाले. ती सरकत त्याच्याजवळ गेली. "सालावू, आता कुणी ऐकत नाही. ऊठ आणि काढ ते. शंख आहे नुसता."

"इया, असं बोलू नका."

"खराटा मी दिला होता तुला."

"तुम्ही नंतर आलात."

"तुझ्या तोंडात माझं कोनफळ होतं. गिळायचीही सवड मिळाली नव्हती."

"होतं," सालावू म्हणाला. "लडीही होत्या काखेत. ते मी नाकारत नाही. पण हात आधीच हलायला लागले होते, इया. तुम्ही खराटा दिला नसता तर मी नुसत्या बोटांनी झाडत बसलो असतो."

"मी म्हणाले, झाड. मी म्हणाले, कुणी मारणार नाही."

"तुमच्या तोंडून कोण बोललं ते मला माहीत आहे." त्याने टोपी काढून मांडीवर ठेवली. डोकं पार पांढरं होतं. "त्या दिवसापासून मी दुसऱ्याच्या वस्तूला हात लावलेला नाही. एका दाण्यालाही नाही. राखण खोटी असली तर मग मी कोण, इया?"

 

अयिंकेची नजर अंगणातल्या रांजणाकडे गेली. ओदेजिमी गेल्यावर जगात हे जाणणारी दोन माणसं होती, आता एकच उरली. आणि एकटीलाच ठाऊक असलेली गोष्ट किती दिवस खरी राहते? तिला खोकला आला. खोकून झाल्यावर हातावर लाल दिसलं, ते तिने चटईला पुसलं आणि भिंतीला धरून उठली.

"वहिनी," अदिगुन लांबून म्हणाला. "वहिनी, बसा खाली."

ती दाराशी पोहोचली. हात वर केला, आणि चिंधीपासून बोटभर अंतरावर तो थबकला. का थबकला ते तिला कळेना. बाजाराच्या दिवशी निळीचा गोळा विसरणारी बाई तू नव्हेस. खरंच, कशी विसरली होती ती? त्याआधी कधी विसरली नव्हती, त्यानंतरही नाही. मग तिने डोळे मिटले आणि राखण खाली ओढली. शंख जमिनीवर पडून फुटला. कडी काढली.

मागे धावपळ झाली. सिफावूची कढई कलंडल्याचा आवाज आला. आवार रिकामं झालं. सालावू तेवढा ओसरीच्या कडेला राहिला.

आत ओल्या मातीचा वास होता. दारातून आलेल्या उजेडात भिंतीवर वाळवीच्या वाटा दिसल्या, जमिनीपासून आढ्यापर्यंत, झाडाच्या मुळांसारख्या. सगळा पावसाळा वाळवीला कुणी अडवलं नव्हतं. ती खालून आली होती, आणि राखण दारावर होती.

पेटीचं झाकण हलकं लागलं. आत कापड होतं. घडी होती तशी, निळी, काळी, आईच्या पट्ट्या एकाखाली एक. अयिंकेने दोन्ही हात खाली घालून ती उचलली, आणि घडी हातातून ओघळली. वरचा एक पापुद्रा तेवढा शाबूत होता. आतून सगळी माती झालेली. पट्ट्यांचं एक टोक तिच्या अंगठ्याला चिकटून राहिलं, मग तेही गळलं.

ती तिथेच बसली. किती वेळ, कोण जाणे. तिला रडू आलं नाही. पेटीच्या तळाशी निळी भुकटी होती, लाल मातीत मिसळलेली, आणि ती जमिनीवर, तिच्या पायांवर, सगळीकडे सांडली होती. ही अशी पायाखाली कशी ठेवायची? तिने दारामागे हात घातला. खराटा जागेवर होता.

ती झाडायला लागली.

धूळ उंबऱ्याबाहेर आली तेव्हा वेशीपाशी लपलेल्यांनी ती पाहिली. सिफावू सर्वांत धीट. ती भिंतीच्या कडेने आली, दारातून डोकावली आणि हाताने तोंड दाबून मागे सरली.

"झाडतेय," ती म्हणाली.

बाहेर कुजबुज पसरली आणि थांबली.

अयिंकेने आतून ऐकलं. मान न वळवता म्हणाली, "अगं, वाळवी लागलीय. धूळ आहे म्हणून झाडतेय."

सिफावू आणखी मागे गेली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "असंच म्हणतात," ती म्हणाली. "धरलेलं माणूस असंच म्हणतं."

"आत ये, बघ तरी."

कुणी आलं नाही. अदिगुन अंगणाच्या मधोमध उभा होता, भावाच्या मातीशेजारी, हात लोंबकळत सोडून. "सोडवणारा इथे खाली झोपलाय," तो कुणाला तरी म्हणाला. "आता तिला कोण सोडवणार?"

अयिंकेच्या मनात आलं, खराटा खाली ठेवावा. ठेवला, बाहेर गेले, की सगळं उघड होईल. बाहेर काय आहे? ओसरी, चटई, सिफावूचं लाल फुलांचं कापड. खराटा ठेवावा, असं तिला पुन्हा वाटलं. हात झाडत होते. कोपऱ्यातली निळी धूळ ती लाल मातीपासून वेगळी काढत होती, खराट्याच्या टोकाने, हळूहळू, आणि ती वेगळी निघत नव्हती.

"इया." सालावू ओसरीवरून बोलत होता. आवाज बारीक होता, त्या दुपारच्या पोरासारखा. "इया, झाडत राहा. कुणी मारणार नाही. मी इथे आहे."



ऊन भिंतीवरून उतरलं. लॉरी भोंगा वाजवून सालावूशिवाय निघून गेली. कुणीतरी आंबीलीचा वाडगा उंबऱ्याच्या बाहेरच्या बाजूला ठेवून पळालं. सरडे भिंतीवर माना हलवत होते, हो म्हणत होते की नाही, ते बघायला कुणी थांबलं नाही. दार उघडं होतं, आणि त्या दारातून आत जायची कुणाची छाती नव्हती.

अंधार पडायच्या आधी सालावू उठला. त्याने अंगातला घोळदार झगा काढला, त्याची नीट घडी केली आणि ती उंबऱ्याशी ठेवली. मग अदिगुनची काठी मागून घेतली, आणि स्वतःचं बोट दाराच्या आत जाणार नाही एवढ्या अंतरावरून घडी ढकलत ढकलत आत लोटली. पांढरं कापड, गळ्याशी हिरवं भरतकाम. कुणाच्या आईने ओळखावं असं त्यात काही नव्हतं.

अयिंकेने त्या कापडाकडे बघितलं. मग वाकली, आणि खराट्याने ते आत ओढून घेतलं.